केसभर माघार

नवी मोटार दारात आली की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. ॲव्हरेज काय देते, आणि पळते किती? ती किती अंतरात थांबते, हे विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. ते माझे अब्बा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याला लागून त्यांचा आठ बाय दहाचा गाळा होता. तिथे ते फक्त ब्रेकचं काम करत. इंजिनाला हात लावत नसत. ‘पळवायला शिकवणारे गावात पुष्कळ आहेत,’ असं म्हणून ते गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजकडे वाटेला लावत.

त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे ॲम्बॅसिडर, जीप आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. सगळ्यांच्या चाकांत ड्रम. ड्रमच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू आणि त्यांच्यावर रिबिटांनी ठोकलेले लायनर. पेडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पेडल सोडलं की स्प्रिंगा त्यांना पुन्हा आत ओढतात. लायनर झिजत जातं तशी मधली फट वाढते आणि पेडल दिवसेंदिवस खोल जातं. ती फट पुन्हा मापात आणणं हे अब्बांचं खरं काम. चाक जॅकवर उचलायचं, ॲडजस्टर फिरवायचा, चाकाला हाताने गती द्यायची आणि ड्रमजवळ कान न्यायचा. हलकंसं ‘सर्र’ ऐकू आलं पाहिजे आणि लगेच विरलं पाहिजे. आवाज राहिला तर ब्रेक घट्ट, चाक तापणार. आवाजच आला नाही तर ब्रेक सैल, घाटात दगा देणार. ‘लगना भी चाहिए, छूटना भी चाहिए,’ हे त्यांचं वाक्य. मी तेव्हा ते गाळ्याबाहेरच्या खोक्यावर बसून ऐकायचो. मला त्यांनी पान्याला हात लावू दिला नाही. ‘तू किताब पकड,’ म्हणायचे. मी पुस्तक धरलं, मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. ब्रेक मागे राहिला.

तो पुन्हा भेटला २०२० च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी होती, गॅरेजं बंद होती. अम्मीला मात्र दर आठवड्याला रुग्णालयात न्यावं लागे, त्याला परवानगी होती. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या गाडीचं पुढचं चाक ब्रेक मारताना किंचाळू लागलं. पॅड संपत आले की पत्र्याची एक छोटी जीभ डिस्कला घासून असा आवाज करते. ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. पॅडचा एक जोड मी आधीच आणून ठेवला होता. घरात अब्बांची हत्यारांची पेटी होती. मिस्त्रीचा मुलगा आहे, दोन पॅड बदलायला काय लागतं, असं वाटलं.

चाक काढलं. आत ड्रम नव्हता. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. कॅलिपरचे बोल्ट सैल करून तो वर उचलला, झिजलेले पॅड निघाले. नवे पॅड शेजारी ठेवून पाहिले. जुन्यांवर दोन-तीन मिलिमीटर माल उरला होता, नव्यांवर दहा-अकरा. आता कॅलिपर पुन्हा बसवायचा, तर नव्या जाड पॅडना जागाच नाही. कारण जुना पॅड जितका झिजत गेला, तितका आतला पिस्टन बाहेर सरकत आला होता. त्याला आधी परत आत घालायला हवं. मी दोन्ही अंगठे लावले. जोर केला. पिस्टन हलला नाही. अंगठ्यांवर त्याचा गोल वळ मात्र उमटला.

पेडलवर पाय ठेवला की जो पिस्टन झटक्यात पुढे जातो, तो मागे जायला एवढा नाखूष का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दिसलं की ब्रेकचा सगळा इतिहास या ‘मागे जाण्यात’ दडलेला आहे.

त्याची सुरुवात मोटारीच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी फ्रान्समध्ये होते. ब्लेझ पास्कल हा गणिती आणि तत्त्वचिंतक १६६२ मध्ये ऐन चाळिशीच्या आत वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने एक साधी कल्पना मांडली आहे. पाण्याने भरलेलं एक बंद भांडं घ्या. त्याला दोन तोंडं ठेवा, एक लहान आणि दुसरं त्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींत घट्ट बसणारे पिस्टन घाला. मग लहान पिस्टनवर जोर लावणारा एक माणूस मोठ्या पिस्टनवरच्या शंभर माणसांना तोलून धरतो. पण पास्कलने तिथेच हिशेबाची दुसरी बाजूही लिहून ठेवली. लहान पिस्टन जितका सरकेल, त्याच्या शंभरावा भाग मोठा सरकेल. जोर वाढला तो अंतर देऊन. फुकट काही मिळालं नाही.

आपल्या मोटारीत पेडलखाली असतो तो लहान पिस्टन, मास्टर सिलिंडरमधला. चाकाजवळ असतो तो मोठा. मी अंगठ्यांनी ढकलत होतो तो मोठा. म्हणजे पास्कलच्या यंत्रात शंभर माणसांनी उभं राहायच्या बाजूला मी एकटा उभा होतो. आतलं तेल अरुंद नळीतून उलटं वर टाकीपर्यंत चढवायचं, आणि पिस्टनला घट्ट धरून बसलेल्या रबराचा विरोधही मोडायचा.

हे रबर म्हणजे या गोष्टीतलं दुसरं पात्र. पास्कलची कल्पना कागदावर सोपी होती. प्रत्यक्षात दाब वाढला की पाणी पिस्टनच्या कडेने गळतं. इंग्लंडमधला कुलपं बनवणारा कारागीर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यालाही या गळतीने छळलं. पिस्टनभोवती वेष्टण घट्ट केलं तर पिस्टन अडकतो, सैल केलं तर पाणी गळतं. तोडगा निघाला तो चामड्याच्या कडीचा, आणि त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातला तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले याला दिलं जातं. वाटीसारखी कड असलेलं ते चामडं दाब आला की आपोआप फुलून भिंतीला चिकटायचं आणि दाब गेला की ढिलं पडायचं. धरायचं आणि सोडायचं, दोन्ही एकाच वस्तूला शिकवलेलं.

ब्रेकच्या आणखी एका गरजेचा शोध यंत्रशाळेत न लागता रस्त्यावर लागला. घासायचं कशाने, हा तो प्रश्न. इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान उतारावर चाकाला जुना बूट लावून गाडी आवरत, आणि ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाला खास घासण्यासाठीचा माल बनवण्याची कल्पना सुचली, असं सांगतात. १८९७ मध्ये त्याने धंदा सुरू केला. आपल्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून, त्यात एक अक्षर वाढवून त्याने नाव तयार केलं, फेरोडो. अब्बांच्या गाळ्यात खिळे ठेवायला जो पत्र्याचा डबा होता त्यावर हे नाव होतं. मला ते लहानपणी एखाद्या गावाचं नाव वाटायचं. फ्रूडच्या या मालात पुढे ॲस्बेस्टॉस आलं. त्याबद्दल शेवटी बोलणार आहे.

मोटारी आल्या तेव्हा ब्रेक तारांनी आणि दांड्यांनी ओढले जात. चार चाकांना चार तारा. एखादी जरा ताणली गेली की गाडी एका अंगाला खेचायची. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने पास्कलचा नियम चाकांपर्यंत नेला. त्याचा भाऊ ॲलन पुढे विमानांच्या कंपनीमुळे प्रसिद्ध झाला. माल्कमने १९१७ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या जरा जवळ आणले. सुरुवातीला पिस्टनच्या वाट्या कच्च्या चामड्याच्या होत्या. त्या गळायच्या. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर आणलं.

रबर आलं म्हणून द्रवही बदलावा लागला. खनिज तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं. म्हणून जुन्या काळी ब्रेकमध्ये चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत. आज आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते तेल नसतंच. ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. त्यात चुकून इंजिन ऑइलचा थेंब पडला तरी रबरं फुगून सगळा ब्रेक नासतो.

लोकांचा मात्र या द्रवावर विश्वास बसायला वेळ लागला. फोर्डसारख्या कंपनीने १९३९ पर्यंत हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारला नाही. पायापासून चाकापर्यंत सगळं पोलाद आहे, हेच तिच्या जाहिरातींत अभिमानाने सांगितलं जाई. आता हसू येतं, पण भीती अगदीच खोटी नव्हती. तार ढिली झाली की दिसते. नळीतल्या द्रवात हवेचा बुडबुडा शिरला तर तो पेडल खाली जाईपर्यंत दिसत नाही.

आता डिस्कची गोष्ट. तबकडीला चिमट्यात धरायची कल्पना जुनीच. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर पॅड फार लवकर झिजत. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला आणि पुढची पन्नास वर्षं ड्रमची झाली. डिस्क परत आली ती विमानांच्या चाकांतून, आणि मग शर्यतीतून. जग्वार आणि डनलॉप यांनी मिळून तिच्यावर काम केलं. १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉसने राँसची शर्यत अशा ब्रेकच्या जग्वारवर जिंकली. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जग्वारने पहिला क्रमांक मिळवला. त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. ड्रम तापला की फाकतो आणि ब्रेक मंदावतो. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर निवते. त्यामुळे वळण जवळ येईपर्यंत वेग राखता येत होता. जास्त पळता आलं, कारण थांबण्याची खात्री होती. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएनच्या डीएस मोटारीत डिस्क सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचली. आपल्याकडे ती घराघरांत आली ती मारुतीच्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतून.

पण डिस्कपुढे एक नवीन अडचण होती. ड्रममधल्या शूंना मागे ओढायला स्प्रिंगा असतात. इथे पिस्टनला मागे कोण ओढणार? नाही ओढला तर पॅड डिस्कला घासत राहणार. फार ओढला तर पुढच्या वेळी पेडल पोकळ जाणार. जग्वारच्या जुन्या कॅलिपरांत यासाठी पिस्टनच्या आत एक खिळा आणि त्याला पकडणारी कडी अशी रचना होती. पुढे तीही गेली आणि काम एका रबरी कड्यावर आलं. हे कडं चौकोनी काटाचं असतं. ते कॅलिपरच्या भिंतीतल्या खाचेत बसतं आणि पिस्टनला गच्च कवटाळतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जातो आणि कडं जागा न सोडता त्याच्याबरोबर जरासं वाकतं. पेडल सोडलं की ते पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला स्वतःबरोबर मागे घेतं. किती? साधारण केसाच्या जाडीइतकं. तेवढ्याने पॅड मोकळा होतो. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं, कडं तितकं वाकू शकत नाही, मग पिस्टन त्यातून थोडा घसरतो आणि नव्या जागी कडं त्याला पुन्हा धरतं. म्हणजे अब्बा कान लावून जी फट मापात आणत, ती हे रबराचं कडं पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर आपोआप आणतं. अब्बांच्या धंद्याचं अर्धं काम एका वेटोळ्याने गिळलं. ते गेले १९९८ मध्ये. शेवटच्या काही वर्षांत डिस्कच्या गाड्या समोरून गेल्या की ते नुसते बघत.

शर्यतीच्या ड्रायव्हरांना या केसभर माघारीची किंमत फार लवकर कळली होती. जोरात वळण घेताना चाकाचा आस किंचित वाकतो, डिस्क कलते आणि पॅडना, पर्यायाने पिस्टनला, हवं त्याहून मागे ढकलते. पुढच्या वळणावर पाय दाबावा तर पेडल खाली जातं, कारण पहिला दाब फट भरण्यातच खर्च होतो. म्हणून जाणते ड्रायव्हर वळण येण्याआधी सरळ रस्त्यावरच डाव्या पायाने पेडलला हलकेच एक-दोन टोले देऊन ठेवत.

हे मी नंतर वाचलं. त्या एप्रिलच्या सकाळी मला ते ठाऊक नव्हतं.

अब्बांच्या पेटीत एक जुना सी-क्लॅम्प सापडला. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरला, क्लॅम्पचं एक तोंड त्यावर आणि दुसरं कॅलिपरच्या पाठीला लावून पेच आवळत गेलो. पिस्टन हळूहळू, कुरकुर न करता आत गेला. मोठं समाधान वाटलं. इतक्यात बॉनेटकडून थेंब पडल्याचा आवाज आला. ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहत होती. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी उतरते, आणि ते उतरणं हाच पॅड झिजल्याचा निरोप असतो. मागे एका गॅरेजात कुणीतरी तो निरोप न वाचता टाकी वरपर्यंत भरून दिली होती. आता पिस्टन मागे गेला, तसं ते जास्तीचं तेल बाहेर आलं. मडगार्डवर जिथे ते सांडलं तिथला रंग दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा सुटला. तो डाग आजही आहे.

दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, चाकं चढवली. हात धुतले. अम्मीला म्हटलं, तयार हो, पाच मिनिटांत गाडी वर आणतो. आमच्या इमारतीचा तळघरातला वाहनतळ चढाचा आहे. चढून वर आलं की फाटकापर्यंत पुन्हा उतार. फाटकाच्या अलीकडे वॉचमनकाकांची प्लॅस्टिकची खुर्ची असते. मी गाडी वर आणली, उताराला लागली तशी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय थेट फरशीला टेकला. काहीही लागलं नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. हाताने हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी थांबली, पण खुर्ची तोवर बंपर आणि फाटकाच्या मध्ये चिरडली होती. काका त्याच मिनिटाला पाण्याची बाटली भरायला नळावर गेले होते. ते परत आले, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, खुर्ची गेली, आम्ही राहिलो.’ मला बोलता येईना. पाय कापत होते. मागच्या सीटवर अम्मी असती, आणि हा उतार फाटकाबाहेरच्या रस्त्याचा असता तर? हा हिशेब मी त्या रात्री झोपेपर्यंत करत होतो.

अब्बांचे एक शागीर्द आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फोन लावला. मी सगळं सांगितलं, कुठले बोल्ट, कुठला क्लॅम्प. त्यांनी मध्येच थांबवलं.

‘बेटा, गाड़ी हलाने के पहले पाँव मारा था क्या?’

‘नाही चाचा.’

‘फिर?’ एवढंच म्हणून ते गप्प राहिले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पिस्टन मी पार मागे नेला होता. नवे पॅड बसले तरी पिस्टन आणि पॅड यांच्यात फट उरलीच. हिशेब करून पाहा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन २० मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा ५० मिलिमीटरचा धरला, तर क्षेत्रफळ सव्वासहा पट होतं. दोन्ही चाकांत दोन-दोन मिलिमीटर फट असली, तर ती भरायला मास्टरचा पिस्टन पंचवीस मिलिमीटर सरकायला हवा. पेडलची जवळजवळ सगळी चाल त्यातच संपते. थांबवायला काही उरत नाही. पास्कलने लिहिलेली हिशेबाची दुसरी बाजू ती हीच. म्हणून पॅड बदलल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल हळूहळू तीन-चार वेळा, लागेल तर जास्त वेळा, दाबायचं. प्रत्येक दाबाला टाकीतून थोडं तेल आत येतं, पिस्टन पुढे सरकत सरकत पॅडला भिडतो आणि पेडल पायाखाली घट्ट लागतं. ते घट्ट लागल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. मग टाकीची पातळी बघायची आणि सपाट जागी दहा पावलं गाडी चालवून थांबवून बघायची.

चाचांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. पिस्टन ढकलण्याआधी टाकीचं झाकण सैल करून वरचं थोडं तेल काढून घ्यावं. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. पिस्टन गंजलेला किंवा रबर फाटलेलं दिसलं तर जोर न लावता जाणत्याकडे जावं. आणि मागच्या चाकांना डिस्क असेल तर क्लॅम्प लावण्याआधी थांबावं. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक मागच्या पिस्टनच्या आतच पेचाने जोडलेला असतो. तो पिस्टन दाबत दाबत फिरवून आत घ्यावा लागतो, नुसता दाबला तर आतला पेच मोडतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडीच्या यंत्रणेला तसं कळवावं लागतं. मला वाचवलं ते हँडब्रेकने. त्याची तार पास्कलच्या द्रवापासून वेगळी ठेवलेली असते, ती अशाच दिवसासाठी.

फोन ठेवताना चाचा म्हणाले, ‘धूल तो नहीं उड़ाई ना फूँक मार के?’

उडवली होती. चाक काढल्यावर कॅलिपरवरची काळी भुकटी मी तोंडाने फुंकली होती, अगदी अब्बा फुंकायचे तशी.

मघाशी म्हटलं ते ॲस्बेस्टॉस इथे येतं. तापमान सोसणारा हा खनिज धागा अनेक दशकं जगभरच्या ब्रेकमध्ये होता. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ मध्ये वारली. तिशी नुकतीच उलटली होती. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांचा अभ्यास करून त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हे त्या धुळीने झालं आहे. १९३१ मध्ये तिथे कारखान्यांसाठी नियम झाले. पण सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसवर बंदी यायला ब्रिटनमध्ये १९९९ उजाडलं. थांबण्याच्या शास्त्रातले लोकसुद्धा थांबायला पंचाहत्तर वर्षं घेतात.

अब्बा नव्या लायनरला गाळ्यात भोकं पाडत, कडा कानसेने घासत, जुने ड्रम उघडून भुकटी फुंकत. त्यांच्या भुवयांवर ती पांढुरकी धूळ मी पाहिलेली आहे. ते विडी ओढत नव्हते. शेवटची दोन वर्षं जिना चढताना तीन पायऱ्यांवर थांबत. डॉक्टरांनी विडीबद्दल विचारलं, घरात कुणाला क्षय होता का ते विचारलं. धंदा काय, हे विचारलं नाही. त्यांच्या छातीत काय होतं हे मी आज सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. त्या कागदांवर तो प्रश्नच लिहिलेला नाही. आज पॅडच्या खोक्यावर ॲस्बेस्टॉस नसल्याचं छापलेलं असतं. तरी ब्रेकची धूळ फुंकू नये, हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्यावं. एवढी एक गोष्ट या भाषणातून कुणी घरी नेली तरी मला पुरे आहे.

त्या सकाळी चाचांचा फोन झाल्यावर मी गाडीत बसलो आणि पेडल दाबलं. पहिल्यांदा पोकळ. दुसऱ्यांदा थोडं वर लागलं. तिसऱ्यांदा आणखी वर. पाचव्यांदा पायाखाली दगडासारखं घट्ट. मग सपाट जागेवर गाडी दहादा पुढे-मागे करून थांबवून पाहिली. वॉचमनकाका लांब उभे राहून बघत होते. त्यांना नवी खुर्ची आणून दिली ती टाळेबंदी उठल्यावर. तोवर माझ्या घरातली लाकडी खुर्ची फाटकाशी होती.

अम्मी येऊन मागे बसली. झालेला प्रकार तिला सांगितला नव्हता. निघण्याआधी मी सवय करायची म्हणून पुन्हा दोनदा पेडल दाबलं. ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, ‘तेरे अब्बा भी पहले पाँव मारते थे. किसी की भी गाड़ी हो.’

इतकी वर्षं मी त्या खोक्यावर बसून बघत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, मी गाडी उताराला लावली. फाटकाशी ती थांबली. मग आम्ही रुग्णालयाकडे निघालो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)